त्रोटक. फेरसादर करा

नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, वरून खाली आली की आमच्या शाखेत कुणी आधी टिप्पणी वाचत नाही; नजर थेट शेवटच्या सहीकडे जाते. नुसती सही असेल तर चहा सांगायचा. सहीच्या वर 'चर्चा करा' असेल तर सांगितलेला चहा गार होणार. आणि 'त्रोटक. फेरसादर करा' असेल, तर लिहिणारा नस्ती अशी मिटतो की शेजारच्या टेबलाला दिसू नये. शेजारच्या टेबलानं तोवर वाचलेलं असतंच.

शेरा झेलायच्या आमच्या तऱ्हा ठरलेल्या आहेत. सगळ्यांत लोकप्रिय 'हो साहेब'. बघणाऱ्याला वाटतं, काय नम्र माणूस! खरं तर ती पावसात उघडलेली छत्री असते. शेरा वरून ओघळून जातो, माणूस कोरडा राहतो आणि पुढच्या नस्तीत तेच पुन्हा. काही जण इतिहासात शिरतात : मूळ मसुदा माझा नव्हताच, मी तेव्हा रजेवर होतो, आधीच्या साहेबांना असंच लागायचं. उरलेले केबिनमध्ये गप्प बसतात आणि टपरीवर येऊन असं बाणेदार उत्तर देतात की चहावाल्याला साहेबांची कीव यावी.

यातला थोडा दोष मी कर्मचाऱ्याच्या वर्षभराच्या कामावर वरिष्ठ लिहितात त्या गोपनीय अहवालांच्या पद्धतीला देतो. वर्षानुवर्षं हा अहवाल नावाप्रमाणेच होता. प्रतिवेदन अधिकारी लिहिणार, पुनर्विलोकन अधिकारी त्यावर मत देणार, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं, त्याला शेरा प्रतिकूल असेल तरच कळवणार. सीमा रस्ते संघटनेतल्या एका अभियंत्याला १९९३-९४ या वर्षासाठी 'चांगला' असा शेरा मिळाला. आता 'चांगला'ला प्रतिकूल कोण म्हणेल? म्हणून कळवला नाही. बढतीसाठी मात्र 'अतिशय चांगला' लागत होता, आणि गाडी तिथंच अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००८ साली न्यायालयानं सांगितलं, शेरा बरा असो की वाईट, ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. म्हणजे आपल्या कामाबद्दल वरिष्ठांचं मत समोरासमोर ऐकायची सवय आमच्या पिढीला लागणार कुठून? शेरा परीक्षेच्या निकालासारखा लागायचा. लागला की रडायचं किंवा पेढे वाटायचे.

खासगीत तरी बरं असेल असं वाटायचं. हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाचीनं तोही भ्रम घालवला. तिच्याकडे मॅनेजर आधी दोन गोड वाक्यं बोलतो, मग मुद्द्याचं, मग परत गोड. "मामा, गोड सुरू झालं ना, की माझ्या पोटात गोळा येतो!"

शेरा घ्यावा कसा, हे मी पाहिलं ते आमच्या शाखेतल्या एका मॅडमकडे. एकदा त्यांच्या टिप्पणीवर तोच 'त्रोटक' आला, वर दोन परिच्छेदांवर तिरकी रेघ. मॅडमनी उभ्याउभ्याच वाचलं. कान लाल झाले, ते लपले नाहीत. मग खाली बसून त्यांनी आपलीच टिप्पणी पहिल्यापासून वाचून काढली, पेन्सिलीनं समासात दोन खुणा केल्या आणि नस्ती घेऊन केबिनमध्ये गेल्या. मी माझ्या कामासाठी तिथंच उभा होतो. त्या म्हणाल्या, "साहेब, आकडेवारी कमी पडतेय की आधीच्या निर्णयांचा संदर्भ?" आवाजात रुसवा नव्हता आणि लोणीही नव्हतं. साहेबांनी चष्मा लावून टिप्पणी पहिल्यांदाच नीट वाचली असावी, कारण थोड्या वेळानं म्हणाले, "संदर्भ जोडा. आकडे आहेत की सगळे." आणि एका परिच्छेदावरची रेघ त्यांनी स्वतःच रद्द केली. दुसरा गेला. तो जायलाच हवा होता, हे माझं मत. मॅडमना ते अजून पटलेलं नाही.

कौतुक झेलणं तर त्याहून अवघड. "छान झालंय" म्हटलं की आपण लगेच "छे हो, त्यात काय एवढं" म्हणून समोरच्याचं मत खोडून काढतो. मॅडमच्या पुढच्या नस्तीवर साहेबांनी चक्क 'छान' लिहिलं. शाखाभर नस्ती फिरली, पेढ्यांची मागणी झाली. मॅडम उठून परत केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, छान नेमकं काय झालंय? मांडणी की संदर्भ?"

साहेबांनी उत्तरासाठी उद्यापर्यंतची मुदत मागून घेतली.