केतुरातला शनिवार

शुक्रवारी दुपार कलली की केतुरातली गडबड ओसरू लागते. अंघोळी होतात, पांढरे सदरे निघतात आणि सूर्य मावळायच्या आत मेणबत्त्या लागतात. मला दर वेळी आजीची दिवेलागण आठवते.

केतुरा म्हणजे इस्रायलच्या दक्षिणेला, अरवाच्या वाळवंटातला किबुत्झ, सामाईक मालकीचं छोटं गाव. इथून इलात 50 किलोमीटर. 1973 मध्ये अमेरिकेतून आलेल्या ज्यू तरुणांनी ते वसवलं. मी इथल्या अरवा पर्यावरण संस्थेत एका सत्रासाठी आलेय. वर्गात इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनची मुलं शेजारी शेजारी बसतात. पाऊस वर्षाला जेमतेम 30 मिलिमीटर. आपल्या रत्नागिरीत तेवढा तासाभरात कोसळतो.

गावात धर्म काटेकोर पाळणारे आहेत आणि अजिबात न मानणारेही. जेवणघर मात्र एकच. तिथे आणि इतर सामाईक जागांत शब्बाथ (शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंतचा विश्रांतीचा दिवस, त्यात लिहिणंही वर्ज्य) आणि कोशेर (खाण्यापिण्याचे ज्यू नियम) सगळ्यांनी सांभाळायचं, स्वतःच्या घरात ज्याची त्याची मर्जी. इतकी साधी वाटणी इतकी वर्षं टिकली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

2011 मध्ये इथे 4.95 मेगावॉटचं सौर शेत उभं राहिलं. शेताच्या कोपऱ्यांतलं पीक गरिबांसाठी सोडावं, अशी तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, आज्ञा आहे. म्हणून या शेताच्या चार कोपऱ्यांतल्या विजेचं उत्पन्न सेवाभावी संस्थांना दिलं. पिकाचा नियम विजेला लावणारी ही माणसं मला मनापासून आवडली. खजुराचं 'मथुशलह' झाडही इथलंच: मसादा किल्ल्यावर सापडलेली, सुमारे 2000 वर्षं जुनी बी 2005 मध्ये रुजवली. ते नर निघालं. पुढे तशाच प्राचीन बीपासून वाढलेल्या 'हाना' या मादी झाडाला त्याचे पराग दिले आणि 2020 मध्ये खजूर हाती आले.

एका शुक्रवारी जेवताना मी कोकणातल्या बेने इस्रायलींबद्दल, म्हणजे तिथल्या ज्यूंबद्दल, सांगितलं. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणायचे. समोरच्या आजींना ते नाव लिहून हवं होतं. त्या घरी काहीच पाळत नाहीत, पण आम्ही जेवणघरात होतो. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसून शब्बाथ संपल्यावर त्या कागद-पेन घेऊन माझ्या दाराशी आल्या.