रोटी घाटाच्या वरचा माळ

तुकोबांच्या पालखीबरोबर देहूहून निघालं की पहिले काही दिवस शहर काही संपत नाही. आकुर्डी, पुणे, हडपसर, लोणी काळभोर. उरुळी कांचनच्या आसपास रोपवाटिका लागतात, यवतला गावकऱ्यांचं पिठलं-भाकरी, आणि तिथून वरवंडपर्यंत जिकडेतिकडे ऊस. गुऱ्हाळांची धुराडी, जळत्या चिपाडाचा वास, पाटाला पाणी. आमच्या दिंडीतल्या परभणीकडच्या बायका हा पट्टा बघून दरवर्षी म्हणतात, "काय सुखाचा मुलूख हाय बाई!"

सुख आहेच, खोटं कशाला बोला. खडकवासल्याच्या पाण्यानं ते आणलंय. पण वरवंडच्या मुक्कामी अंधार पडल्यावर गावातला एक पोरगा राहुट्यांमधून ओरडत गेला, "माऊली, उसाकडं एकट्यादुकट्यानं जाऊ नका, बिबट्या फिरतोय!" फिरत्या शौचालयांपुढं ही रांग. शेवटी आम्ही सगळ्याजणी बॅटऱ्या घेऊन, मोठमोठ्यानं विठ्ठल विठ्ठल करत उसाच्या बांधापर्यंत गेलो. बिबट्याला त्यात भक्ती ऐकू आली की नुसता गलका, त्यालाच ठाऊक.

हा बिबट्या इथला जुना रहिवासी म्हणावा असा नाही. ऊस बारा-पंधरा महिने उभा असतो. आत दाट सावली, बाजूला पाणी, खायला कुत्री आणि डुकरं. मादी त्यातच विते, पिल्लं वाढवते, आणि तोड आली की टोळीतल्या बायकांना सरीत पिल्लं सापडतात. जिथं जंगल नव्हतं तिथं कालव्यानं त्याला जंगल उभं करून दिलं. कालव्याआधी या मुलखाचा शिकारी होता लांडगा. त्याची जागा बघायची तर दुसऱ्या दिवशी पाटस ओलांडून रोटी घाट चढावा लागतो.

घाट म्हणजे नावाचाच, दिवे घाटाची सर त्याला नाही. रथाला जादा बैलजोड्या लागतात, हरिनामाचा गजर चढतो आणि बघता बघता माणूस वर येतो. वर आलं की ऊस गायब. उघडा, लालसर मुरमाचा माळ, क्षितिजापर्यंत. परभणीकडच्या बायका इथं गप्प होतात. त्यांना घरची आठवण येत असावी.

मी चपलेतले खडे काढायला रस्त्याकडेला बसले. मृगाचा एखादा शिरवा होऊन गेला होता. पायाशी गवताचा एक ठोंब होता: वरून जळका, गेल्या वर्षीच्या काड्यांचा, आणि बुडाशी सुईएवढे हिरवे कोंब. दोन काड्यांमधून मखमली लाल मृगाचा किडा चालला होता. लुगड्याच्या काठात एक जुनं कुसळ अडकलं, ते ओढलं तर बोटात शिरलं. डोक्यावर कुठंतरी चंडोल गात होता, दिसत मात्र नव्हता. वर्षाला 500 मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि खाली वीतभर माती, मग लगेच खडक. एवढ्या भांडवलावर इथं पवन्या, कुसळी, मारवेल ही गवतं उभी राहतात आणि त्यांच्यावर चिंकारा, ससा, खोकड, लांडगा, धाविक पक्षी असा सगळा संसार चालतो. शेजारीच सुप्याला चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, पण ते जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. बाकीचे चिंकारे अभयारण्याबाहेर, लोकांच्या नजरेतल्या ओसाड जमिनीवरच राहतात.

घाटमाथ्यावर कुठल्याशा कॉलेजची पोरं टोप्या घालून उभी होती. प्रत्येक वारकऱ्याच्या हातात मातीचे गोळे देत होती, आत बिया. "मावशी, जोरात फेका माळावर. पुढच्या वर्षी याल तेव्हा इथं हिरवंगार असेल!" पोरं गोड होती, उन्हात उभी होती, पाणीही देत होती. माझ्या हातातला गोळा दाबला तर फुटला. आत चपट्या, तपकिरी, चकचकीत बिया. सुबाभूळ, झपाट्यानं पसरणारं परदेशी झाड. बाकीचे गोळे मी पिशवीत टाकले आणि पुढं निघाले. माझ्या मागून मात्र टाळकऱ्यांपासून तुळशीवालीपर्यंत सगळे मोठ्या हौसेनं माळावर गोळाफेक करत होते.

राग त्या पोरांचा येत नाही. आपल्याला शाळेपासून शिकवलंय की झाड म्हणजे निसर्ग आणि झाड नाही म्हणजे उजाड. त्यामुळे माळ दिसला की हात शिवशिवतात. सातबाऱ्यावर पोटखराबा, म्हणजे पिकाला नालायक, नियोजनाच्या नकाशात पडीक, लागवडीचं उद्दिष्ट गाठायला मोकळी जागा, कारखान्याला स्वस्त भूखंड. गेल्या काही दशकांत कितीतरी माळांवर चर खोदले गेले आणि त्यांच्या कडेनं गिरिपुष्प, सुबाभूळ, निलगिरी लावली गेली. चर खोदताना मुरूम वर येतो आणि जुनं गवत उपटलं जातं. झाड जगलंच तर त्याच्या सावलीत ही गवतं टिकत नाहीत, कारण त्यांना अख्खं ऊन लागतं. उघड्यावर अंडी घालणारी धाविक आणि चंडोल तिथून उठतात, कारण झाडावर बसून कावळ्या-शिकऱ्यांना त्यांची घरटी आयती दिसतात. कार्बनचं म्हणाल तर गवत तो मुळांमधून जमिनीत साठवतं; वणव्यात वरचं जळलं तरी खालचा साठा बराचसा शाबूत राहतो. सोलापूरकडं अशाच माळावर राहणाऱ्या माळढोक पक्ष्यासाठी 1979 मध्ये अभयारण्य जाहीर झालं होतं. आज देशभरात मिळून माळढोक दीडशेच्या आतबाहेर उरलेत, तेही मुख्यतः राजस्थानात.

उंडवडी गवळ्याचीच्या मुक्कामी एक म्हातारे धनगर दर्शनाला आले होते. लाल पटका, खांद्यावर घोंगडी. पावसाळ्यात मेंढरं इथल्या माळावर, दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, तिथल्या शेतांत मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य-पैसे घ्यायचे आणि वळवाच्या आधी माघारी. मी विचारलं, "बाबा, लांडगा येतो का अजून?"

"येतो की माऊली. एखादं कोकरू न्हेतो. त्याचा वाटा हाय त्यो, आमचा बाप बी तेच म्हणायचा. पर कुत्र्यांचं काय करायचं, ते सांगा. लांडगा एक न्हेतो, कुत्री धा फाडून टाकत्यात, खात बी न्हाईत."

ही कुत्री आली कुठून? कोंबड्यांच्या शेडांतली मेलेली पाखरं आणि घाण माळावर आणून टाकतात. त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात आणि लांडगाही तिथंच येतो. एकत्र खातात, एकमेकांचे आजार घेतात, आणि पुढं जोडीही जमते. पुणे जिल्ह्याच्या या गवताळ भागात लांडगा-कुत्रा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीतून सिद्धच झालंय. बंदूक न उडवता एक जनावर संपवायची ही तऱ्हा.

बाबांना मी विचारलं, माळावर झाडं लावली तर? ते हसले. "लावत्यात आन् तारकंपाउंड घालत्यात. मग मेंढरं कुटं घालू, तुमच्या दिंडीत?"

बारामतीकडं उतरताना पुन्हा पाणी भेटतं. नीरेचा डावा कालवा, 1876-77 च्या दुष्काळानंतर आलेला. त्यानं या भागाचं नशीब बदललं हे खरं, आणि त्याच पाण्यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच इथल्या काळ्या जमिनी चोपण, म्हणजे खारवट आणि नापीक, व्हायला लागल्या हेही खरं. भारी जमिनीला निचरा नाही, वर पाणी मोकळं सोडायचं. मग खालचे क्षार वर चढतात. आजही उसाच्या कडेला एखादा तुकडा पांढुरका, भुरभुरीत दिसतो, तिथं ऊसही गुडघाभर. म्हणजे माळावर पीक नाही म्हणून त्याला पडीक म्हणायचं, आणि पाणी पाजून पाजून पडीक केलेल्या या तुकड्याला बागायत. असो.

काटेवाडीला आधी परीट मंडळी धोतरांच्या पायघड्या घालतात, मग मेंढ्यांचं रिंगण. लोक छतांवर, टँकरवर, झाडांवर. मेंढपाळानं शीळ घातली आणि अख्खा कळप रथाभोवती सुटला. धूळ, घंटा, लोकरीचा उबट वास, "पुंडलिक वरदे"चा गजर. रोगराईपासून मेंढरं राखावीत म्हणून हे रिंगण घालतात. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मेंढपाळाच्या सुनेला विचारलं, एरवी कुठं चारता? म्हणाली, "कॅनॉलच्या कडंला, न्हाईतर रस्त्याच्या." माळ? "माळ हाय कुटं आता, प्लॉट पडलं."

रस्त्याचीही एक गोष्ट सांगायला हवी. पाटस ते अकलूज आणि पुढं, हा पालखी मार्ग राष्ट्रीय महामार्ग झाला. 8 नोव्हेंबर 2021 ला त्याची पायाभरणी झाली. रुंद झाला, पायाला बरा झाला, अपघाताची धास्ती कमी झाली. पण कडेचे वड आणि लिंब गेले. दुपारी विसाव्याला टेकायचं तर ट्रकच्या सावलीत. म्हणजे जिथं झाड हवं तिथं ते तोडलं, आणि जिथं नको तिथं आम्ही गोळे फेकून लावतोय.

हे सगळं सणसरला मी दिंडीप्रमुखांपुढं मांडलं. निवृत्त शिक्षक, पुढच्या वर्षीसाठी बियांचे गोळे करायची योजना त्यांचीच होती. आधी चिडले. "ताई, झाडं लावणं पाप आहे का?" म्हटलं, "लावा ना, पण रस्त्याला. वड, चिंच, करंज. आणि ज्या गावात लावाल तिथं पाणी घालणारा माणूस आधी धरा." त्यांनी वही काढली. रोपं दिंडीच्या ट्रकमधून आणावीत असं ठरत आलं होतं, इतक्यात ट्रकवाले दादा म्हणाले, गाद्या कुठं ठेवू मग, तुमच्या डोक्यावर? निमगाव केतकीला पुन्हा विषय निघाला, इंदापूरच्या रिंगणातही निघाला. सराटीला पादुकांचं नीरास्नान झालं तरी गाद्या की रोपं याचा निकाल लागला नव्हता.