ताळा

मंगळवार, रात्री उशिरा

बंप गेला. तीन महिने गॅमा किरणांच्या आलेखात एकाच जागी, काही जीईव्ही ऊर्जेपाशी, तो फुगवटा रोज दिसायचा. आज दुपारी आकाशगंगेचं फक्त मॉडेल बदललं आणि तिथे सरळ रेष. सर म्हणाले, "मग तो आकाशात नव्हताच," आणि चहाला गेले.

आकाशात नव्हता, तर कुठे होता? माझ्या वजाबाकीत?

आमची ही गॅमा पार्श्वभूमी म्हणजे मुळात बाकीच. वैश्विक किरण आकाशगंगेतल्या वायूवर आदळून जो उजेड होतो तो वजा करायचा, ठिपक्यांसारखे ओळखू येणारे स्रोत वजा करायचे, दुर्बिणीत घुसलेले भारित कण वजा करायचे. मग उरतं ते सगळीकडून सारखं येणारं. किती? अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर, चहूबाजूंनी मिळून, सुमारे तीन तासांत 100 एमईव्हीच्या (एमईव्ही म्हणजे जीईव्हीचा हजारावा भाग) वरचा एक फोटॉन, प्रकाशाचा एक कण. फर्मी या अंतराळातल्या गॅमा दुर्बिणीच्या 2015 च्या पेपरातही नुसतं मॉडेल बदलल्यावर ही बाकी 15 ते 30 टक्क्यांनी हलते. पाठ आहे मला ते पान. तरी मनातल्या मनात मी त्या बंपला कृष्णद्रव्य, विश्वातलं ते न दिसणारं द्रव्य, म्हणू लागले होते. इथे कुणाजवळ बोलले नाही. आईजवळ बोलले.

फेलोशिप मार्चपर्यंतच आहे. ते आज नको.

पण नव्हता म्हणजे काय? मला दिसत होता ना. मीच रात्र रात्र बसून केलेली बेरीज-वजाबाकी, आणि ताळा करायचं तेवढं राहिलं.

जेवल्यावर अपोलो 15 चं आठवलं. 1971 मध्ये त्या यानावरच्या उपकरणालाही याच पार्श्वभूमीत, काही एमईव्हीपाशी, फुगवटा दिसला होता. त्यावर किती जणांनी किती लिहिलं! पुढे अंतराळातल्या कॉम्प्टन वेधशाळेवरच्या कॉम्प्टेल या उपकरणाने मोजलं तर फुगवटा नाही. वैश्विक किरणांच्या माराने उपकरणच किरणोत्सारी होतं, आणि तो वाटा आधी पुरता वजा झाला नव्हता. त्या लोकांनाही एखाद्या दुपारी असंच वाटलं असेल. फुगवटा गेला, पण पार्श्वभूमी राहिली. 50 जीईव्हीच्या वरची बहुतेक ब्लेझारांकडून, म्हणजे आपल्या दिशेने झोत रोखलेल्या दीर्घिकांकडून, येते एवढं आता कळलंय. खालची अजून वाटून घ्यायची आहे, ब्लेझार किती, तारे जन्मणाऱ्या दीर्घिका किती. माझ्या डेटातही ती आहेच, बंपशिवायची.

तिसरं मॉडेल लावून ठेवलंय, सकाळपर्यंत होईल. नंतर आईला फोन. "सापडलं का गं ते?" हेच ती पहिल्यांदा विचारेल.