एमजीबीचा ताप: घोडबंदरचा उन्हाळा

मार्चअखेर
मामांची 1969 ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार, माझ्याकडे आली नोव्हेंबरात. थंडीभर गुणी बाळासारखी वागली. 1798 सीसीचं बिडाचं इंजिन, पेट्रोल आणि हवा मिसळणारे दोन एसयू कार्ब्युरेटर, बॉनेट उघडलं की सगळं हाताशी. पण मार्चचा शेवटचा आठवडा लागला आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडवर, कापूरबावडी ते मानपाडा एवढ्याशा अंतरात, मेट्रोच्या खांबांखाली रांगताना, तापमानाचा काटा चढायला लागला. ज्याला विचारावं तो एकच सांगतो: इलेक्ट्रिक पंखा बसव.

पंख्यावर पैसे घालण्याआधी मला एवढंच बघायचं होतं, की ही उभी असतानाच तापते की पळतानाही? उभ्याने तापली तर हवा कमी पडतेय. पळतानाही तापली तर दुखणं पाण्यात, रेडिएटरमध्ये नाहीतर ठिणगीच्या टायमिंगमध्ये. रविवारी पहाटे ठाणे-बेलापूर रस्त्याने वाशी गाठली आणि पाम बीच रोडवर साठच्या एकसारख्या वेगात सोडली. हवा भरपूर, सिग्नल मोकळे, तरी बेलापूर येईपर्यंत काटा मुंगीच्या पावलांनी वर सरकलाच. पंखा निर्दोष सुटला बिचारा.

5 एप्रिल
थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरावीक तापलं की ते रेडिएटरकडे सोडणारी झडप. तिचं झाकण उघडलं, तर आत थर्मोस्टॅटच नाही! कधीतरी कुणा मेकॅनिकने ‘उन्हाळ्यात लागत नाही’ म्हणून काढून टाकलेला. आपल्याकडचा हा लाडका उपाय मला कधीच पटला नाही. थर्मोस्टॅटच्या अडथळ्यामुळे ब्लॉकमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य धडात, पाण्याचा दाब टिकतो आणि त्यावरच्या हेडच्या तापलेल्या कोपऱ्यांत वाफेचे बुडबुडे धरत नाहीत. तो काढला की पहाटे इंजिन धड गरम होत नाही आणि दुपारी उकळायचं ते उकळतंच.

उष्ण हवामानासाठीचा 74 अंशांचा मागवला. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून गॅसवरच्या पातेल्यात सोडला, शेजारी थर्मामीटर. 75-76 ला झडप उघडायला लागली. आई मागून म्हणाली, “चहाचं पातेलं आहे ते.” आता ते गॅरेजचं झालंय.

12 एप्रिल
खरा मासा आज गळाला लागला. ब्लॉकच्या मागच्या बाजूला पाणी सोडायचा नळ असतो. उघडला, थेंब नाही. तार खुपसली, फिरवली, आणि भसकन गेरूसारखा लाल चिखल पायावर. चौथ्या सिलिंडरभोवती वर्षानुवर्षं साचलेला गंज. नळच काढून टाकला आणि हेडकडून बागेचा पाइप लावून पाणी मारत बसलो. स्वच्छ पाणी यायला पाऊण तास लागला. सोसायटीच्या वॉचमनने दोनदा येऊन, टँकरचं पाणी आहे साहेब, अशी आठवण करून दिली. त्याचं बरोबर होतं.

मग इन्फ्रारेड गन घेतली. इंजिन तापवून रेडिएटरच्या जाळीवरून फिरवली: कडेला 80 च्या वर, मधोमध हातभर पट्टा जेमतेम 50. थंड पट्टा म्हणजे त्या नळ्यांतून पाणी जातच नाही. ठाण्यातल्या जुन्या रेडिएटरवाल्याकडे नेला. त्याने वरची टाकी डाख वितळवून उचलली, तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या क्षाराने बुजलेली, पानाच्या डबीतल्या वाळल्या चुन्यासारखी. बोअरच्या पाण्याची कृपा. सळी मारू का, असं त्याने विचारलं. मी कोअर, म्हणजे नळ्यांची अख्खी जाळीच, बदलून घेतला. तांब्याचाच, अ‍ॅल्युमिनियम नको म्हटलं.

आता आत डिस्टिल्ड वॉटर आणि तीस टक्के कूलंट. आपल्याकडे पाणी गोठायची भीती नाही आणि उष्णता वाहून न्यायला निव्वळ पाणी जास्त चांगलं. कूलंट हवा तो गंज धरू नये म्हणून. रेडिएटरची कॅप नवी, 10 पीएसआय दाबाची. तेवढ्या दाबाखाली पाणी 114-115 अंशांपर्यंत उकळत नाही. जुन्या कॅपचं रबर बिस्किटासारखं तुटलं.

20 एप्रिल
ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरला एक व्हॅक्यूम डबी असते, हलक्या थ्रॉटलवर ठिणगी लवकर पाडणारी. तिची नळी तोंडात धरून ओढायची आणि भोकावर जीभ ठेवायची. पडदा शाबूत असेल तर जीभ चिकटून राहते. माझी चिकटली नाही. म्हणजे हलक्या थ्रॉटलवर ठिणगी उशिरा पडत होती आणि न वापरलेली उष्णता इंजिनाच्या अंगावर येत होती. पाम बीचवरच्या मुंगीत हिचाही वाटा असणार. डबी बदलली. पेट्रोलमध्ये इथेनॉल असल्याने मिश्रण पातळ पडतं, म्हणून पेट्रोल जरा जास्त जावं यासाठी कार्ब्युरेटरच्या दोन्ही जेटचे षटकोनी नट दोन-दोन कड (बाजू) खाली घेतले. प्लग आता पांढरे नाहीत, खाकी आहेत.

4 मे
पाम बीच पुन्हा. काटा खिळ्यासारखा स्थिर.

घोडबंदरला मात्र गायमुखच्या चढावर कंटेनरच्या मागे वीस मिनिटं अडकलो, तेव्हा थोडा चढला. हे दुखणं हवेचंच, म्हणून आता पंखा: 12 इंची, रेडिएटरच्या पुढून आत ढकलणारा, रिले (पंख्याचा वीजप्रवाह जोडणारा स्विच) आणि डॅशखाली हाताचं बटण. पहिल्या दिवशी तापमान उलट वाढलं! जाळीसमोर वर्तमानपत्राचा कपटा धरला, तर तो माझ्याच अंगावर उडाला. वायरी उलट जोडल्या होत्या. घरी कुणाला सांगितलेलं नाही.

रेडिएटर आणि पत्रा यांमधल्या फटी फोमने बुजवल्या. शंभर रुपयांचं काम, पण पंख्याच्या निम्मा फरक या फोमनेच पडला, असं माझं मत. नाहीतर हवा सोपी वाट बघून बाजूनेच पळते.

11 मे
दुपारी दोन वाजता मुद्दाम गायमुख. रेडिएटरचा वरचा होज (रबरी पाइप) 88 अंश, खालचा 72, पंखा चालू. बटण बंद केल्यावर पाच मिनिटांत वरचा 97.

उरलंय एकच: गाडी बंद करून दहा मिनिटांनी स्टार्टर मारला की टाकीतून पेट्रोल ओढणारा मागचा एसयू पंप टकटकत राहतो, थांबतच नाही. खालच्या एक्झॉस्टच्या धगीने कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलमधलं (पेट्रोल साठवणाऱ्या वाटीतलं) पेट्रोल उडून जातं. हीट शील्डचं जुनं अस्तर गळून पडलंय. नवं कापून ठेवलंय, रविवारी लावतो. तोवर पेट्रोल पंपावर सकाळी सातच्या आत.