सोनोग्राफी नॉर्मल आली, पण आतडं पाहिलं का?

शौचावाटे रक्त जातंय म्हटलं की आधी पोटाची सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि मूळव्याधीचं मलम सुरू होतं. दादर असो की डोंबिवली, क्रम बहुधा हाच. अडचण अशी की सोनोग्राफीच्या लहरी हवेपाशी अडतात, आणि मोठं आतडं हवेनं नि मळानं भरलेलं असतं. भिंत चांगलीच जाड करणारी गाठ कधीकधी दिसून जाते. मोठ्या माणसातला एक सेंटिमीटरचा पॉलिप, म्हणजे आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, मात्र सहसा दिसत नाही. पोटाच्या साध्या सीटीचंही तेच. आतडं मिटलेलं असलं तर घडी कुठली नि गाठ कुठली, हे सांगणं अवघड. म्हणून या दोन्ही तपासण्यांचा 'नॉर्मल' पॉलिप नसल्याचा पुरावा धरू नये.

पॉलिप शोधण्यासाठीचा सीटी वेगळा, त्याला सीटी कोलोनोग्राफी म्हणतात. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध घ्यायचं, सोबत थोडं बेरियम किंवा आयोडीनचं द्रावण प्यायचं. आत उरलेला मळ त्यानं पांढरा दिसतो आणि पॉलिपपासून वेगळा ओळखता येतो. मग गुदद्वारातून बारीक नळी घालून कार्बन डायऑक्साइड सोडतात. साध्या हवेपेक्षा तो लवकर शोषला जातो, त्यामुळे नंतर पोट कमी दुखतं. एकदा पाठीवर आणि एकदा पोटावर झोपवून सुमारे १ मिलिमीटर जाडीचे काप, म्हणजे सीटीची चित्रं, घेतात. दोनदा कशासाठी? कूस बदलली की पाणी आणि मळ सरकतो, पॉलिप सहसा जागा सोडत नाही. लांब देठाचा पॉलिप मात्र हलतो आणि नवख्या डोळ्याला चकवतो.

अचूकता ठरते आकारावर. अमेरिकेतल्या १५ केंद्रांवर सुमारे २,५०० लोकांवर झालेल्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १० मिलिमीटर किंवा त्याहून मोठे अ‍ॅडेनोमा (पुढे कर्करोग होऊ शकणारे पॉलिप) वा कर्करोग असलेल्या १०० जणांपैकी ९० जण या तपासणीत सापडले. आकार घटला की आकडाही घसरतो. ५ मिलिमीटर आणि त्याखालचं तर सहसा रिपोर्टमध्ये लिहीतच नाहीत. सगळ्यात जास्त निसटतात ते चपटे पॉलिप. सिग्मॉइडमध्ये, म्हणजे गुदाशयाआधीच्या वळणदार भागात, स्नायू जाड झालेले असतील, तर तो भाग पुरता फुगत नाही आणि तिथंही चूक होते.

दुर्बिणीची कोलोनोस्कोपीही शंभर टक्के नाही. लागोपाठ दोनदा दुर्बीण घातलेल्या रुग्णांच्या अभ्यासांत १० मिलिमीटरवरचे सुमारे २ टक्के, तर ५ मिलिमीटरपर्यंतचे सुमारे २६ टक्के अ‍ॅडेनोमा पहिल्या वेळी राहून गेले होते. पण तिच्यातून तुकडा तपासायला काढता येतो, पॉलिप तिथल्या तिथे कापता येतो. त्यामुळे रक्त जात असेल तर आमच्या मते थेट कोलोनोस्कोपीच. दुर्बीण पुढे सरकली नाही, रक्त पातळ करणारी गोळी थांबवता येत नाही किंवा गुंगी देणं धोक्याचं आहे, तेव्हा सीटी कोलोनोग्राफीचा खरा उपयोग. आतड्याला तीव्र सूज असेल तर ती करत नाहीत, कारण गॅस भरताना आतडं फाटू शकतं.

पेट-सीटीबद्दल (किरणोत्सारी साखर टोचून, ती जास्त शोषणारा भाग चमकताना पाहायची तपासणी) एक गोष्ट, कारण मधुमेही पुष्कळ: मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीमुळे अख्खं आतडं चमकतं, त्या झगमगाटात गाठ झाकली जाऊ शकते. एकाच ठिकाणी ठळक ठिपका दिसला तर मात्र दुर्बिणीनं पाहावंच लागतं.

तपासणी वाया जाते ती बहुतेकदा स्वयंपाकघरात. आधीचे दोन दिवस पालेभाजी, कडधान्यं, भाकरी, पेरू, सब्जा बंद. मऊ भात, वरणाचं पाणी, गाळलेलं ताक चालतं. लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी थांबवायच्या ते डॉक्टरांना विचारा, त्यांनी मळ काळा आणि चिकट होतो. औषध पिण्याच्या दिवशी लोकलचा प्रवास ठेवू नका.

रिपोर्ट हातात आला की निष्कर्षाआधी वरच्या ओळी वाचा: आतडं पुरतं फुगलं होतं का, मळ किती उरला होता, दोन्ही स्थितींतले काप घेतले का. 'सी-०' लिहिलं असेल तर तपासणी अपुरी आहे; तो नॉर्मल रिपोर्ट नव्हे. आणि वेळ ठरवतानाच विचारून घ्या, मोठा पॉलिप दिसला तर त्याच दिवशी कोलोनोस्कोपी होईल का. नाहीतर पोट साफ करायचं औषध पुन्हा प्यावं लागतं.