कार्तिकीला टर्की

२०२०च्या नोव्हेंबरात घरात माणसं जमवायची सोय नव्हती. त्यामुळे ह्यूस्टनमधल्या आमच्या शेजारच्या अंकलनी थँक्सगिव्हिंगची, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या अमेरिकन सणाची, टर्की अंगणात तळायचं ठरवलं आणि आम्हालाही बोलावलं. अंकल मूळचे लुइझियानाचे, अख्खा पक्षी तेलात सोडायची हौस त्यांच्याच मुलखातली. भाजलेल्या टर्कीबद्दल माझं मत फारसं बरं नाही. छातीचं मांस कोरडंठाक, ग्रेव्हीशिवाय घास उतरत नाही. तळलेली एकदा खाऊन बघायची होती, म्हणून पडेल ते काम करीन असं सांगून टाकलं.

टर्की बारा पौंडांची. फ्रिजमध्ये चार-पाच पौंडांना एक दिवस या हिशेबाने ती रविवारी रात्रीच खालच्या कप्प्यात ठेवली होती. गुरुवारी सकाळी पाण्याचं माप काढलं. रिकाम्या पातेल्यात टर्की ठेवायची, ती जेमतेम बुडेल इतकं पाणी ओतायचं, मग टर्की उचलायची आणि पाणी जिथवर उतरलं तिथे खूण करायची. तेल त्या खुणेपर्यंतच, एक वाटीही जास्त नाही. अंदाजाने तेल भरणाऱ्यांचं तेल काठावरून उतू जातं, ते खालच्या जाळावर पडतं आणि बघता बघता भडका उडतो.

त्यानंतर पुसणं. बाहेरून, आतून, पंखांच्या खाली, पुन्हा आतून. पोटात बर्फाचा तुकडासुद्धा राहता कामा नये, कारण पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १७०० पट जागा लागते. ओली पुरी तेलात सोडलेल्या बाईला हे वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेतली एनएफपीए ही अग्निसुरक्षेची संस्था तर हा प्रकार घरी करूच नका म्हणते. अंकलना ते ठाऊक होतं. शेगडी घरापासून बरीच लांब, सपाट काँक्रीटवर मांडली होती, अग्निशामक हाताशी होता आणि पोरांना दाराबाहेर यायला बंदी होती.

अकरा-बारा लिटर शेंगदाणा तेल ३५० फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे १७५ सेल्सिअसच्या आसपास तापायला वेळ लागतो. तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे गुरुवारची रात्र.

"एवढं मोठं पातेलं? बुंदी पाडताय की काय?"

"टर्की आहे आई."

"आज? अगं, कार्तिकी एकादशी आहे!"

तारीख होती २६ नोव्हेंबर. पंढरपुरात संचारबंदी, वारकरी आपापल्या गावी अडकलेले, आणि आईच्या लेकीच्या हातात टर्की. "वारी नाही तर नाही, निदान एवढं तरी पाळायचंत," म्हणाली आणि फोन बाबांकडे दिला. बाबांनी तेल कुठलं एवढंच विचारलं.

अंकलना भानगड काय ते सांगावं लागलं. आदल्या वर्षी कार्तिकी ८ नोव्हेंबरला होती, मग यंदा इतकी लांबली कशी? चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात, सूर्याचं वर्ष त्याहून अकरा दिवसांनी मोठं. ही तूट साठत जाते आणि साधारण पावणेतीन वर्षांनी आपण एक अख्खा महिना घालून ती भरून काढतो. २०२०ला अधिक आश्विन आला आणि त्यानंतरचे सगळे सण लांबणीवर पडले. अंकल म्हणाले, म्हणजे आमचा ब्लू मून! इंग्रजी महिन्यात दुसरी पौर्णिमा आली की तिला ते ब्लू मून म्हणतात. त्या ऑक्टोबरात पौर्णिमा दोन होत्या, १ला आणि ३१ला. पहिली आमच्या अधिकातली. दुसरी ऐन हॅलोविनला, आणि तिच्या आदल्या रात्री आम्ही कोजागरीचं दूध आटवलं होतं. चंद्र मात्र नेहमीसारखाच पिवळट पांढरा.

खरं म्हणजे ही दोन पौर्णिमांची व्याख्या एका चुकीतून आली आहे. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या जुन्या शेतकी पंचांगात एका ऋतूत चार पौर्णिमा आल्या तर तिसरीला ब्लू मून म्हणत. 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकात १९४६ साली एका लेखकाने ब्लू मूनचा अर्थ 'महिन्यातली दुसरी' असा लावला आणि तोच रुजला. मासिकाने १९९९मध्ये चूक कबूल केली, पण तोवर उशीर झाला होता. जुन्या नियमाने हॅलोविनचा चंद्र ब्लू मून नव्हताच. मला जुना नियम जास्त पटतो. ऋतूंशी मेळ घालायची धडपड त्यात दिसते, नवा नुसता इंग्रजी महिन्याच्या तारखा मोजतो.

तेल तापलं. अंकलनी आधी जाळ बंद केला, ही त्यांची सक्त अट. मग आकड्याला अडकवलेली टर्की इंच-इंच करत खाली सोडली. तेल जोरात खदखदलं, वाफेचा लोट उठला, पण थेंब बाहेर आला नाही. ती पूर्ण बसल्यावर जाळ पुन्हा पेटवला. पौंडाला साडेतीन मिनिटं, म्हणजे पाऊण तासाच्या आत काम फत्ते. मांडीत थर्मामीटर खुपसून १६५ फॅरनहाइटची खात्री केली.

साल पापडासारखी मोडली. छातीचं मांस ओलसर, अंकलनी सुईने आत भरलेला लुइझियानाचा केजन मसाला हाडापर्यंत पोचलेला. ग्रेव्हीची वाटी तशीच राहिली.

२०२३ला पुन्हा अधिक श्रावण आला, ऑगस्टमध्ये पुन्हा दोन पौर्णिमा झाल्या आणि कार्तिकी पुन्हा थँक्सगिव्हिंगवर, २३ नोव्हेंबरला. या वेळी मी कॅलेंडर घेऊन आधीच अंकलकडे गेले. टर्की शुक्रवारी तळायची ठरली. आईला कळवलं तर ती म्हणाली, "द्वादशीला? पारण्याला टर्की सोडणार तुम्ही?"