सवाईची शनिवार रात्र, घरच्यांच्या परवानगीने

पुण्यात डिसेंबरात पाच दिवस शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव होतो, त्या सवाईला एकच दिवस जाता येणार असेल तर शनिवार धरा. बाकीच्या दिवशी रात्री दहाला माइक बंद होतात. शनिवारी तेवढी बारापर्यंत मुभा असते. हे दोन तास म्हणजे नुसता वाढीव वेळ नव्हे, आणि साताऱ्याहून त्यासाठी जाणं का परवडतं ते पुढे सांगतो.

घरात दोन मुलं, आईचे गुडघे आणि डिसेंबर महिना असला की पाच दिवसांचं सीझन तिकीट फक्त बघायचं असतं. डिसेंबरात लग्नं असतात, मार्गशीर्षातले गुरुवार असतात आणि शाळेचं स्नेहसंमेलन नेमकं याच आठवड्यात पडतं. आमची कन्या शुक्रवारी स्टेजवर कोळीण झाली होती, तेव्हा शुक्रवार आपोआप बाद. शनिवारचा विषय काढल्यावर बायको म्हणाली, "तुम्ही जा हो, पण रविवारी दुपारपासून घर तुमच्याकडे." यातली गोम मला दुसऱ्या दिवशी कळली, ती शेवटी सांगतो.

साताऱ्याहून स्वारगेटची विनाथांबा एसटी सोयीची पडते. अंतर एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, पण खंबाटकी आणि कात्रज मिळून वेळेचं गणित कधी बिघडवतील सांगता येत नाही. शनिवारी कार्यक्रम दुपारी चारच्या सुमारास सुरू होतो. मी साडेअकराची गाडी धरली आणि तीन वाजायच्या आत स्वारगेटला उतरलो. जेवण घरूनच करून निघालेलं बरं. मध्ये हॉटेलात बसलात की पहिला कलाकार गेलाच म्हणून समजा, आणि पहिल्या कलाकाराला चुकवू नका. बहुधा तो तरुण असतो, सवाईच्या मंचावर नवा असतो आणि जीव तोडून गातो.

महोत्सव सध्या मुकुंदनगरच्या महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात होतो. पूर्वी तो शनिवार पेठेत रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, त्यामुळे जुने सवाईकर अजूनही 'रमणबागेत' असंच म्हणतात. त्यांच्या सांगण्यावरून रिक्षा करू नका. स्वारगेट स्टँडवरून मुकुंदनगर चालत वीस-पंचवीस मिनिटं. मेट्रोही आता स्वारगेटपर्यंत येते, तेव्हा शिवाजीनगर किंवा पिंपरीकडून येणाऱ्यांनी गाडी घरी ठेवावी. परतीला मात्र मेट्रो धरून चालू नका. ती अकराच्या सुमाराला झोपते.

तिकीट आधीच काढा. दिवसाचं वेगळं मिळतं. भारतीय बैठक, म्हणजे जमिनीवरची जागा, स्वस्त, खुर्ची महाग. चाळिशीच्या आतल्यांनी बैठक घ्यावी आणि चाळिशीच्या पुढच्यांनी पाठीशी प्रामाणिक राहावं. आठ तास मांडी घालून बसणं हा वेगळाच रियाज आहे. अनुभवी मंडळी बिनपायाची घडीची खुर्ची काखेत मारून येतात. ती नसेल तर मांडवाच्या कडेची जागा पकडा, म्हणजे पाय पसरता येतात आणि उठताना कुणाची समाधी भंगत नाही. खाली जाजम असलं तरी सात वाजल्यानंतर जमिनीचा गारवा वर येतो, म्हणून सतरंजी हवी. कानटोपीची लाज बाळगू नका, अर्धा मांडव कानटोप्यांतच असतो. चपला पिशवीत घालून जवळ ठेवा. हे मी सांगायची गरज नाही, आपण मराठी माणसं देवळातून शिकलेलो आहोत.

कोण काय गायलं याची रसग्रहणं वर्तमानपत्रांत सविस्तर येतात. मी फक्त वेळेबद्दल बोलतो, कारण सवाईत खरी गंमत घड्याळाची आहे. हिंदुस्थानी संगीतात रागाला प्रहर, म्हणजे गायची ठरलेली वेळ, असते. चारच्या उन्हात भीमपलास किंवा मुलतानी, सूर्य कलला की मारवा, पूरिया, श्री, दिवे लागले की यमन, मग बिहाग, बागेश्री. घरी मोबाइलवर आपण सकाळी अंघोळीच्या आधीही रात्रीचा दरबारी लावतो, ते निराळं. इथे उघड्या मैदानावरच्या मांडवात बसून, बाहेरचा उजेड बदलताना राग बदलत जाताना ऐकला की हा नियम कुणी उगाच केलेला नाही हे पटतं. मारवा सुरू असताना मांडवाच्या कडेने दिसणारं आकाश तांबूस होऊन राखाडी झालं. मारव्यात पंचम, म्हणजे 'प', नसतो आणि षड्जावर, म्हणजे 'सा'वर, गायक फार टेकत नाही, त्यामुळे सगळं अधांतरी वाटतं. माझ्या शेजारच्या काकांनी एवढ्यात चहाचं नाव काढलं, तर त्यांच्या बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुन्हा बसले.

पण दहाची मर्यादा आली आणि उशिराचे राग या मंचावरून जवळजवळ हद्दपार झाले. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद, आणि सरकारला वर्षात मोजक्या दिवशी बारापर्यंत सूट देता येते. नियम चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत गणपतीत जे होतं ते ऐकलेल्या माणसाने तरी म्हणू नये. तरीही त्याची किंमत ललत, भटियार, तोडी या पहाटे-सकाळच्या रागांनी मोजली हे खरंच. पंडित भीमसेन जोशींनी 1953 मध्ये गुरू सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला, आणि पुढे कित्येक वर्षं बैठका रात्रभर चालायच्या. पहाटे स्वतः भीमसेन गायला बसायचे आणि लोक ऊन अंगावर घेत घरी जायचे. चहाचं नाव काढणाऱ्या त्या शेजारच्या काकांनी ते दिवस पाहिलेले. मध्यंतरात ते सांगत होते, की तेव्हा पांघरुणं घेऊनच यायचो, नावडता कलाकार असला की झोपायचो आणि आवडता आला की बायको उठवायची. काकूंनी लगेच दुरुस्ती केली, "आवडत्यालाही झोपायचे."

शनिवारचे शेवटचे दोन तास ही त्या रात्रींची उरलेली खूण. साडेदहाच्या पुढे मंचावर तानपुरे लागत होते. गार हवेत तारांचा सूर सारखा हलतो, त्यामुळे जुळवाजुळव लांबली. लोक चुळबुळले नाहीत. गायकाने तानपुऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मध्यमाला, म्हणजे 'म'ला, लावून घेतली तेव्हा जाणकारांच्या रांगेत 'मालकंस, मालकंस' अशी त्या रागाच्या नावाची कुजबुज झाली. मालकंसात पंचम नाही, रिषभही नाही. पाचच स्वर, त्यातले गंधार, धैवत, निषाद कोमल. मी गाणं शिकलेला नाही, हे सगळं बायकोकडून ऐकलेलं. ती लग्नाआधी गांधर्वच्या संगीताच्या परीक्षा देत होती. पण मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातून गायक मध्यमावर येऊन थांबला आणि अख्खा मांडव एकदम 'हा…' म्हणाला, त्यात मीही होतो, आणि त्यासाठी परीक्षा द्यावी लागत नाही. विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या, ख्यालात पाऊण तास त्याने फारसं काहीच केलं नाही. घरी असतो तर दहा मिनिटांत मी पुढे ढकललं असतं. कुणी हाक मारत नाही, कुकरची शिट्टी नाही, कुणाचा गृहपाठ नाही, असे सलग दोन तास मिळाले की विलंबित लय किती भरलेली असते ते कळतं. हे मला साडेसहाच्या यमनात कळलं नव्हतं. तेव्हा डोकं अजून साताऱ्यातच होतं.

आता पोटाचं. बाहेर खाण्याचे स्टॉल असतात, भाव महोत्सवाचे. साडेआठच्या सुमारास सगळा मांडव एकदम खायला उठतो आणि साध्या वड्यासाठी रांगेत उभं राहावं लागतं. त्यापेक्षा सात वाजता एक कलाकार उतरून दुसऱ्याची वाद्यं लागत असतात, तेव्हा खाऊन घ्या. डब्यातल्या दशम्या आणि चटणीला तोड नाही, पण डबा मांडवाबाहेर उघडावा. लसणाच्या चटणीचा सुवास मंचापर्यंत जाऊ नये. पाणी बेतानेच प्या, स्वच्छतागृहाची रांगही साडेआठलाच लागते. ध्वनिमुद्रण करू देत नाहीत. मोबाइल घरच्यांसाठी सुरू ठेवायचा असेल तर थरथरवर ठेवा आणि खिशातच राहू द्या. माझा एकदाच थरथरला. मुलाने विचारलं होतं, चार्जर कुठे आहे.

परतीचा विचार मात्र आधीच करून ठेवा. बारा वाजता मांडव एकदम रिकामा होतो आणि रिक्षावाले मीटरचं नाव काढत नाहीत. घोळक्यासोबत सरळ स्वारगेटला चालत या, रस्ता जागा असतो. साताऱ्याकडे जाणाऱ्यांना त्या वेळी कोल्हापूर-सांगलीच्या रात्रीच्या गाड्या मिळतात. ती गाडी सातारा स्टँडवर जाते की हायवेवरच उतरवते हे कंडक्टरला चढतानाच विचारा, नाहीतर पहाटे तीनला बायपासवर सतरंजी घेऊन उभे राहाल. मुंबई-नाशिककरांनी मुक्कामच करावा, म्हणजे रविवारही पदरात पडतो. रविवारी दुपारी बारालाच सुरू होतं आणि दहाला संपतं. जमलंच तर शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' नावाने माहितीपट आणि मुलाखती होतात, त्या कोणत्या दिवशी आहेत हे आधी पाहून ठेवा. तिथे गर्दी कमी आणि ऐकायला पुष्कळ.

मी साडेतीनला घरी पोचलो. आठला जाग आली तर बायको तयार होऊन माझीच पिशवी भरत होती. रविवारचं तिकीट तिने माझ्याबरोबरच काढलेलं होतं. सतरंजी, कानटोपी आणि चपलांची पिशवी तिच्याकडे गेली, डाळ-तांदळाचे डबे माझ्याकडे. घरात एकालाच निघता येत असेल तर ही वाटणी करून पाहा. रविवार दहाला संपत असल्याने परतीच्या गाड्या भरपूर मिळतात, आणि शेवटचा मान बहुधा भीमसेनांच्या किराणा घराण्याकडे असतो, तेव्हा दोघांपैकी ज्याचा कान जास्त तयार त्याने रविवार घ्यावा. आमच्यात तो तिचा आहे. तरी स्वारगेटवरून फोन करून तिने पुढच्या वर्षीचा शनिवारही मागून ठेवला आहे, मालकंस मी एकट्याने ऐकला म्हणून.